जखमी भटक्या कुत्रीचा विश्वास कसा मिळवायचा?

शेवंतीची_वेणी | २८ जुलै २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे पाककृती आणि बागकाम सोडून कधी धागा काढलेला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक रसवंती आहे. उन्हाळा संपला की मालक चरकाला ताडपत्री बांधून गावी जातो तो दिवाळीनंतरच उगवतो. गेल्या शुक्रवारपासून त्या ताडपत्रीखाली एक कुत्री येऊन राहिली आहे. तांबूस रंग, दीड-दोन वर्षांची असावी. कानाला खाच नाही, म्हणजे नसबंदी झालेली नाही. मागचा उजवा पाय टेकवत नाही आणि मांडीच्या मागे तळहाताएवढी जखम आहे. गाडीने फरफटवलं असावं, पण बघितलेलं कुणीच नाही. पावसाला आठ दिवस उघडीप नाही, त्यामुळे तीही तिथून हलत नाही.

पहिल्या दिवशी मी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बिस्किटं घेऊन 'ये ये, चू चू' करत सरळ तिच्यापुढे गेले. दहा फुटांवर गुरगुरली. मी आणखी दोन पावलं टाकली, तर तीन पायांवर अशी सुटली की समोरून येणाऱ्या टेम्पोखालीच जात होती. टेम्पोवाल्याने घातलेल्या शिव्या मुकाट ऐकून घेतल्या, कारण त्याचं काही चुकलं नव्हतं. रात्री ती परत तिथेच आली.

एका कार्यालयात फोन केला. त्यांनी दुसरा नंबर दिला, तिथून तिसरा मिळाला आणि तिसरा बंद होता. शेवटी प्राणिमित्रांमधल्या एका मुलाचा पत्ता लागला. तो म्हणाला, "मी जाळी घेऊन येतो काकू, पण ती रस्त्यावर पळणार असेल तर दोघंही मरू. आधी तिला एका जागी थांबून खायची सवय लावा."

ती सवय कशी लावायची, एवढंच विचारायचं आहे. घरची परिस्थिती अशी की सासूबाईंना कुत्रं अंगणातसुद्धा चालत नाही, आणि श्रावण लागलाय म्हणून घरात अंडंही येत नाही.

पेठेतला_खवचट | २८ जुलै, रात्री १०:३१

आमच्या गल्लीत सात आहेत. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे की हा माणूस रात्री साडेअकराला दुचाकीवरून येणार. वाटच बघत असतात.

घाटवाट | २८ जुलै, रात्री ११:०५

ताई, खवचटरावांकडे लक्ष देऊ नका. मी सिंहगड रस्त्यावर रोज अकरा कुत्र्यांना खायला घालतो. त्यातली चार माझ्याकडे आली तेव्हा जखमीच होती. शिकवणी कुणाकडे लावली नव्हती, चावून घेऊन शिकलो.

तुमच्या तीन गोष्टी चुकल्या आणि त्या सगळ्यांच्याच चुकतात. पहिली छत्री. कुत्र्याच्या लेखी छत्री म्हणजे काठी, आणि फट्कन उघडली तर विचारूच नका. दुसरी, समोरून सरळ चालत जाणं. कुत्र्यांमध्ये असं भांडायला येणारा येतो. ओळख करून घेणारा वळसा घालून, इकडे तिकडे हुंगत, आपल्याला काही पडलेली नाही असं दाखवत येतो. तिसरी, गुरगुरल्यावर पुढे जाणं. गुरगुरणं हा तिचा चांगुलपणा आहे. दहा फुटांवर सांगतेय की इथे थांबा. ते ऐकलंत तर उद्या कदाचित आठ फुटांवर सांगेल. नाही ऐकलंत तर पुढच्या वेळी न सांगता दात लावेल.

उद्यापासून रेनकोट घाला, रोज तोच. वेळ तीच ठेवा, भांडंही तेच. (माझ्याकडे एक चेपलेला जर्मनचा टोप आहे. बायकोने दोनदा मोडीत घातला, मी दोनदा परत आणला. त्याचा आवाज झाला की अकराच्या अकरा हजर.) ती गुरगुरते त्या जागेच्या पाच फूट अलीकडे भांडं ठेवायचं आणि मागे न बघता निघून यायचं. तीन दिवस एवढंच करा. भांडं रिकामं झालं की नाही ते लांबून बघा.

चौथ्या दिवशी भांडं ठेवून तिथेच बसा, पण तिच्याकडे बाजू करून. भाजी निवडा, वह्या तपासा, काहीही करा, डोळ्यांत बघू नका. मधूनच एखादा तुकडा टाकायचा तो तिच्या पलीकडे, तुमच्या पायाशी नाही. लोक पायाशी टाकून कुत्र्याला ओढून घेतात. ते भुकेपोटी येतं, खातं, मान वर करतं तर माणूस हातभर अंतरावर! दचकतं आणि चावतं, मग आपण म्हणतो उलटलं. पलीकडे टाकलेला तुकडा खायला ती तुमच्यापासून लांब जाते, आणि मग परत यायचं की नाही ते तिचं ती ठरवते. सगळं काम त्या परत येण्यातच होतं.

काय बघायचं तेही सांगतो. खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवली, झोप नसताना जांभई दिली, मान बाजूला वळवली, म्हणजे तिला अवघडल्यासारखं झालंय. तुम्ही थोडं मागे सरका. अंग ताठ, शेपूट स्थिर आणि डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं तर उठून जा. आणि एखाद्या दिवशी तुमच्याकडे पाठ करून बसली तर अपमान समजू नका. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे कुत्रं पाठ करत नाही.

विहीणबाई | २८ जुलै, रात्री ११:४०

नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले हे चित्र लहानपणापासून डोक्यात बसलंय. आता कळलं, वाटी ठेवून घरी जायला हवं होतं.

घाटवाट | २८ जुलै, रात्री ११:४४

तो साक्षात विठ्ठल होता, त्याला काय. आपल्या वाट्याला साधी कुत्री येतात.

गुरांचा_डॉक्टर | २९ जुलै, सकाळी ६:५०

पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त. चार गोष्टी सांगतो, घाटवाट यांनी त्या सोडल्यात.

ती खाते-पिते का ते आधी नीट पाहा. लाळ गळणं, गिळता न येणं, आवाज बदलणं, समोर येईल त्यावर तुटून पडणं, किंवा एरवीचं आक्रमक कुत्रं अचानक अति लाडात येणं, यातलं काही दिसलं तर विश्वास वगैरे विसरा आणि लांब राहा.

बाईंनी स्वतः रेबीजची आगाऊ लस घ्यावी. पहिला डोस, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. अशी लस झालेल्या माणसाला पुढे चावा बसला तर ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही. लस नसताना दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही भरावं लागतं. हळद, चुना, मिरची, कॉफी यातलं काहीही जखमेत कोंबू नका. चाळीस वर्षांत हे सगळं पाहिलंय, म्हणून सांगतो.

माणसाची दुखऱ्या अंगावरची गोळी खाण्यात घालून देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजाने नको.

शेवटचं आणि महत्त्वाचं. पावसाळी हवेत उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या निघतात. वरून भोक रुपयाएवढं दिसतं आणि आत पोखरलेलं असतं. घाण गोडसर वास, तांबूस पाणी गळणं, एकाच जागी सतत मान वळवून चाटणं दिसलं की मला लगेच कळवा. घाटवाट यांचं वेळापत्रक चांगलं आहे, पण अळ्या ते वाचत नाहीत.

मीठभाकर | २९ जुलै, सकाळी ९:१५

श्रावणावर उपाय: कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे उकडलेली अंडी सांगून ठेवा, घरी आणूच नका. नाहीतर पनीर. वास यायला हवा, म्हणून किंचित कोमट करा. बिस्किटाने पोट भरत नाही, नुसती साखर. पातळ दूध रिकाम्या पोटी दिलं तर हगवण लागायची शक्यता, त्यापेक्षा दहीभात बरा. कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं नको.

शेवंतीची_वेणी | २ ऑगस्ट, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. बुधवारी लसीचा पहिला डोस घेतला. नर्सबाई म्हणाल्या, "कुठे चावलं?" म्हटलं, अजून नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

रोज सकाळी सव्वासहा आणि संध्याकाळी सात. निळा रेनकोट, स्टीलचा डबा, टपरीवरची दोन अंडी आणि भात. पहिले तीन दिवस ठेवून निघून आले. घाटवाट, मागे न बघणं हे सगळ्यात कठीण आहे हो. काल पहिल्यांदा बसले. शाळेच्या चाचणीचे पेपर घेऊन गेले होते. सहावी ब च्या मुलांना या वेळी मार्क जरा सढळ पडले असतील, कारण माझं अर्धं लक्ष डाव्या कानाकडे होतं. तिने आधी लांबून पाहिलं, दोनदा जांभई दिली, मी इंचभर सरकले, मग पोटावर सरपटत येऊन खाल्लं. मधे साधारण सहा फूट. आज मी बसल्यावर लगेच आली. तुकडा पलीकडे टाकला तर लंगडत गेली आणि परत आली! एकदा नाही, तीनदा.

नाव ठेवायचं नाही असं ठरवलंय. नाव ठेवलं की अडकते मी.

माडाखाली | २ ऑगस्ट, रात्री ९:५८

छान चाललंय. नाव ठेवून टाका, तुम्ही आधीच अडकलात.

शेवंतीची_वेणी | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

डॉक्टर, तुम्ही लिहिलेला वास आज आला. जवळजवळ पाच फुटांवरून. माशा खूप आहेत. खाताना चार वेळा थांबून मागे वळली. पण इतकी छान प्रगती आहे, अजून तीन-चार दिवस मिळाले तर हाताने गळ्यात पट्टा घालता येईल असं वाटतंय. थांबू का?

गुरांचा_डॉक्टर | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१८

नाही. आज किंवा उद्या पकडा.

घाटवाट | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०२

डॉक्टर, मान्य. पण जाळी टाकली की झालेलं सगळं पाण्यात जाईल, हे ताईंना आधी माहीत असू दे. मी एकाला असा पकडला होता, तो नंतर चार महिने माझ्या टोपातलं खात नव्हता. शेजारच्यांचं खायचा.

गुरांचा_डॉक्टर | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१०

चार महिने जिवंत होता ना?

माडाखाली | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४५

गोव्याचा अनुभव सांगते. आमच्याकडे रेबीज लसीकरणाची पथकं हातजाळ्या घेऊन वाड्यावाड्यांवर फिरतात. धरतात, टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात, सोडतात. असं करत करत २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. मी बघितलंय, जाळीतून सुटलेलं कुत्रं दहा मिनिटांत मासळीवालीच्या मागे असतं. पण ते मिनिटभराचं काम. तुमच्या कुत्रीला दुखणार, कोंडून राहावं लागणार. तेव्हा घाटवाट म्हणतात तेही खरं. एक करा, जाळी तुम्ही धरू नका. तुम्ही फक्त नेहमीसारखं भांडं ठेवा.

शेवंतीची_वेणी | ५ ऑगस्ट, रात्री १०:४०

काल पकडली.

माडाखाली म्हणाल्या तसंच ठरलं होतं. मी सव्वासहाला डबा ठेवला आणि पेपर घेऊन बसले. प्राणिमित्र मुलगा आणि त्याचा मित्र आधीच चरकामागे प्लायवूड लावून रस्त्याची बाजू बंद करून उभे होते. ती आली, पलीकडे टाकलेला तुकडा खायला वळली आणि जाळी पडली. असा आवाज मी कुत्र्याचा ऐकलेला नाही. जाळीतून तिने माझ्याकडे बघितलं, किंवा मला तसं वाटलं. मुलाने माझीच ओढणी घेऊन तिच्या तोंडाभोवती दोन वेढे दिले, हनुवटीखाली पीळ घालून कानांमागे गाठ मारली आणि डोळ्यांवर चादर टाकली. चादर टाकल्यावर ती एकदम गप्प झाली. (त्याने सांगितलेलं लिहून ठेवते: ओकारी होत असेल किंवा दम लागला असेल तर तोंड बांधायचं नाही.)

दवाखान्यात दीड तास. एक्स-रेमध्ये हाड शाबूत आहे. अळ्या किती निघाल्या ते मी मोजायचं सोडलं. आत शेपटीच्या मुळापर्यंत बोगदा झाला होता. टाके घातले नाहीत, अशी जखम उघडीच ठेवून आतून भरू द्यायची असते म्हणाले. गोचीड-तापाची तपासणी केली, रेबीजची लस दिली. या पावसात परत सोडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या मुलाच्या वडिलांच्या गोठ्यातली एक रिकामी खोली मिळाली आहे. दोन म्हशी आणि ही. रोज ड्रेसिंगला तो आणि मी.

डॉक्टर, तुम्ही थांबू नका म्हणालात म्हणून आभार.

गुरांचा_डॉक्टर | ६ ऑगस्ट, सकाळी ६:४५

ठीक. ड्रेसिंगचा स्प्रे थेट मारू नका. त्या फिस्स आवाजाला ती औषधापेक्षा जास्त घाबरेल. लांब जाऊन कापसावर मारा, मग टिपा. आणि बाई, आवळून धरायचं काम त्या मुलावर सोपवा. तुम्ही डोक्याच्या बाजूला राहून पनीर देत जा.

शेवंतीची_वेणी | ६ ऑगस्ट, रात्री ८:५५

धरायला दोघं लागतात हो, तिसरं कोण आणू? म्हशी तयार नाहीत.

पेठेतला_खवचट | १२ ऑगस्ट, सकाळी ११:२०

बातम्या वाचल्या का? काल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सगळी उचला आणि निवाऱ्यात ठेवा. आता तुमच्या गोठ्याला सरकारी मान्यता घ्या.

घाटवाट | १२ ऑगस्ट, सकाळी ११:४१

तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता आहे. आपल्याकडे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. तुम्हाला कुत्री आवडत नाहीत तर धाग्यावर येता कशाला?

पेठेतला_खवचट | १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

येतो कारण माझ्या मुलीला गेल्या वर्षी पोटरीला चावलंय. आठ वर्षांची आहे. पाच इंजेक्शनं आणि जखमेत सीरम. ते टोचताना तिचे पाय मी धरले होते. अजून ती जिन्यात कुत्रं दिसलं तरी परत वर येते. घाटवाट, तुमची अकरा तुम्हाला ओळखतात. माझ्या मुलीला नाही ओळखत. विनोद केला नाही तर भांडणं होतील म्हणून विनोद करतो.

घाटवाट | १२ ऑगस्ट, दुपारी १:१५

माफ करा. हे माहीत नव्हतं.

तुमच्या गल्लीतल्या सातांच्या कानाला खाच आहे का बघाल? नसेल तर नसबंदीच्या अर्जापासून सुरुवात करू, मी मदत करतो. आणि मुलीला एक शिकवा. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. झाड व्हायचं. पाय जुळवून उभं राहायचं, हात छातीशी, नजर स्वतःच्या बुटांवर. बहुतेक वेळा हुंगून निघून जातं. आधी घरात तुम्हीच कुत्रं होऊन सराव घ्या. माझ्या भाचीने मला तीनदा हुंगायला लावलं.

जुना_दस्तऐवज | १२ ऑगस्ट, दुपारी ३:०५

अवांतर: हा वाद आपल्याकडे आजचा नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कंपनी सरकारचे शिपाई दर कुत्र्यामागे बक्षीस घेऊन भटकी कुत्री मारत होते, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. दुकानं बंद झाली, फौजेचं खाणंपिणं अडलं, शेवटी दंगल मोडायला सैनिक आणावे लागले. कुत्र्यावरून दंगल झालेली ही मुंबई.

विहीणबाई | १२ ऑगस्ट, दुपारी ३:२२

दस्तऐवजकाका, वेगळा धागा काढा ना यावर. इथे मला म्हशींबरोबरच्या पेशंटचं कळू दे.

शेवंतीची_वेणी | १९ ऑगस्ट, रात्री ९:३५

पेशंट १५ तारखेला घरी, म्हणजे रसवंतीखाली परत आली. जखम भरत आली आहे, कडेने गुलाबी कातडी धरली. पाय टेकवते, धावताना अजून उचलते. खाली एक जुनी फळी आणि गोणपाट टाकलंय.

आता वाईट बातमी. ती माझं तोंडसुद्धा बघत नाही. निळा रेनकोट कोपऱ्यावर दिसला की उठून पलीकडच्या गटारावर जाऊन बसते. डबा ठेवून मी घरात गेल्यावरच खाते. पूर्वी दहा फुटांवर गुरगुरायची, आता तीस फुटांवर भुंकते. कॉलनीतल्या इतर कुणावरही भुंकत नाही, फक्त माझ्यावर. दूधवाला म्हणाला, "मॅडम, काय केलंत तिला?"

आणि खरा कहर पुढे आहे. सासूबाई संध्याकाळी फाटकाशी कट्ट्यावर बसून फुलवाती करतात. काल बाहेर आले तर ही बया त्यांच्यापासून चार फुटांवर पाय पसरून झोपलेली. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय माहीत? मी बघितलंच नाही तिच्याकडे. मला नाही आवडत कुत्री."

घाटवाट | १९ ऑगस्ट, रात्री ९:५०

हसू नये, पण हसतोय. ताई, तीन दिवस मागे न बघता तुम्ही जे महत्प्रयासाने करत होतात ते तुमच्या सासूबाई उपजत करतात. त्यांना तिच्याकडून काही नको आहे. ना पट्टा घालायचाय, ना जखम बघायचीय, ना धाग्यावर लिहायचंय. कुत्र्याला हे लगेच कळतं. तुम्ही नुसत्या बसता तेव्हाही तुमचं सगळं लक्ष तिच्यावर असतं, श्वाससुद्धा रोखलेला असतो.

आता रेनकोट बदला. तो रंग, तो वास, सगळं ड्रेसिंगचं झालंय. हाताला औषधाचा वास असेल तर बेसन लावून धुवा. खायला घालायचं काम सासूबाईंकडे द्या आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसून वाती करा.

शेवंतीची_वेणी | १९ ऑगस्ट, रात्री १०:०२

सासूबाईंना कुत्रीला खायला घालायला सांगू? तुम्ही या आमच्या घरी, तुम्हीच सांगा.

शेवंतीची_वेणी | २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

सांगावं लागलं नाही. गुरुवारी मला शाळेतून उशीर झाला, पाहते तर डबा धुऊन पालथा घातलेला. "भुकेलं जनावर दारात बसलेलं बरं दिसतं का?" एवढंच म्हणाल्या. अंड्याला हात लावत नाहीत, टपरीवाल्याला डबा घेऊन फाटकाशी बोलावतात आणि त्याच्याकडून अंडी फोडून घेतात.

मी आता शेजारी वाती करते. मला धड येत नाहीत. ती आठ फुटांवर बसते, तोंड आमच्याकडे करून, माझ्यावर एक डोळा ठेवून. मी हात हलवला की कान हलतो.

खवचट, मुलगी कशी आहे?

पेठेतला_खवचट | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

झाड झाली आहे. गेला आठवडाभर घरात कुत्रा मी आहे. सातांपैकी पाचांच्या कानाला खाच आहे, दोन राहिलीत, घाटवाटांनी अर्ज लिहून दिला.

शुक्रवारी न्यायालयाने तो आदेश बदललाय, बघितलंत का? नसबंदी, जंताचं औषध, लस करून जागेवर सोडा म्हणाले. पिसाळलेली किंवा आक्रमक असतील ती नाही. आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. तेव्हा फाटकावरचा डबा जरा आडबाजूला घ्या. उद्या कुणा पोराच्या वाटेत ती डबा राखत बसली तर पुन्हा भांडण. हे चिडून नाही, मनापासून सांगतोय.

शेवंतीची_वेणी | २४ ऑगस्ट, रात्री ९:५२

पटलं. उद्यापासून रसवंतीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे. तिथून कुणी जात-येत नाही.

मीठभाकर | २६ ऑगस्ट, सकाळी १०:००

उद्या गणपती. फटाके आणि ढोल सुरू होतील, तिला सांभाळा. त्या दिवसांत कुत्री बिथरून लांब पळतात आणि परतीची वाट चुकते.

शेवंतीची_वेणी | २९ ऑगस्ट, रात्री ११:१०

मीठभाकर, तुमच्या तोंडात साखर नाही पडली. बुधवारी आगमनाच्या मिरवणुकीत चौकात फटाक्यांची माळ लागली आणि ती गेली. आज तिसरा दिवस. गोठा, दवाखाना, मंडई, सगळीकडे फिरून झालं. सासूबाई आरतीला उभ्या होत्या, पण लक्ष फाटकाकडे.

घाटवाट | २९ ऑगस्ट, रात्री ११:२०

हाका मारत शोधू नका, आणखी लपेल. तिचं गोणपाट आहे तसंच राहू दे, धुऊ नका. डबा नेहमीच्या वेळी ठेवत राहा. येईल तर पहाटे येईल, सगळं शांत झाल्यावर.

शेवंतीची_वेणी | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:४०

आली. साडेपाचला फळीवर होती. चिखलाने माखलेली, पण पायाला काही नाही. मी बाहेर गेले, पाच-सहा फुटांवर पायरीवर बसले. भुंकली नाही.

गुरांचा_डॉक्टर | ३१ ऑगस्ट, सकाळी ७:००

उत्तम. जखम पूर्ण भरली की नसबंदीची तारीख घ्या. माजावर आली तर पुन्हा रस्तोरस्ती फिरेल.

शेवंतीची_वेणी | ९ सप्टेंबर, रात्री ९:०५

बरेच दिवसांनी. तारीख १७ सप्टेंबरची मिळाली आहे. या वेळी जाळी नको म्हणून रोज पट्टा मांडीवर ठेवून बसते. परवा तिने तो हुंगला आणि शिंकली. काल त्यावरून पनीर खाल्लं. आज सासूबाईंनी सहज बोलता बोलता गळ्यात अडकवला आणि म्हणाल्या, "हे एवढंच होतं होय?"

घाटवाट, तुम्ही म्हणाला होतात ते आज झालं. मी कट्ट्यावर होते, ती आली, दोन फुटांवर माझ्याकडे पाठ करून बसली. तोंड अर्थातच सासूबाईंकडे.

घाटवाट | ९ सप्टेंबर, रात्री ९:१२

घ्या पेढे. तोंडाचं नंतर बघू.

गुरांचा_डॉक्टर | ९ सप्टेंबर, रात्री ९:३०

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीनंतर खायला काही देऊ नका. हे सासूबाईंना विशेष करून सांगा.

शेवंतीची_वेणी | ९ सप्टेंबर, रात्री ९:४१

सांगितलं. पंचांग बघून म्हणाल्या, १७ ला एकादशीच आहे, मीही उपाशीच असते, दोघी मिळून करू.

एक विचारायचं राहिलं. पितृपक्ष सुरू झालाय, तिथीच्या दिवशी कुत्र्याचं पान काढतात ते या वर्षी हिलाच द्यायचं असा त्यांचा बेत आहे. वडा आणि खीर. चालेल का?

गुरांचा_डॉक्टर | १० सप्टेंबर, सकाळी ६:३५

वडा अर्धा. खीर दोन चमचे, पण बेदाणे घातलेली मुळीच नको. कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

शेवंतीची_वेणी | १० सप्टेंबर, सकाळी ७:०२

सांगितलं. म्हणाल्या, "मग तिची वेगळी काढते आधी. बेदाणे नंतर घालीन."